मॅच हरल्यावर ग्रुपमध्ये ‘छक्का’ लिहितात : ॲडमिनने काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुंबई इंडियन्सच्या चाहत्यांचा चारेकशे जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप तुम्ही चालवता. मॅच हरलो, कुणाच्या हातून कॅच सुटला, की ‘छक्का’, ‘बायल्या’, ‘मीठा’, ‘बांगड्या भरा’ यांची सरबत्ती सुरू होते. विरोधी टीमच्या दोन खेळाडूंनी मिठी मारल्याचा फोटो आला की त्याखाली तसल्याच कमेंट. गेल्या महिन्यात एक जुना सभासद, ज्याला सगळे स्कोअर तोंडपाठ, तो न बोलता ग्रुप सोडून गेला. नंतर त्याने फक्त तुम्हाला कळवलं, की तो गे आहे आणि आता त्याला तिथे थांबवत नाही. तुम्ही ग्रुपवर ‘शब्द जपून वापरा’ असं लिहिलंत, तर उत्तर आलं, ‘अरे, इथे कोण गे आहे? आपण तर हरणाऱ्यांना बोलतोय.’ पुढे काय करायचं, असं तुम्ही विचारता.

क्रिकेट आणि फुटबॉलच्या चाहत्यांचे ग्रुप मी बरीच वर्षं सांभाळते आहे, नव्या ॲडमिनना शिकवते, आणि समलैंगिक मुलामुलींच्या समुपदेशनाचं कामही करत आले आहे. शिव्या इथे जशाच्या तशा लिहिते. टिंबं देऊन या विषयावर कामाचं बोलता येत नाही.

‘इथे कोण गे आहे?’ या वाक्यापासूनच सुरुवात करू. चारशे माणसांत समलैंगिक माणसं असतातच. तुमच्याकडचा एक तुम्हाला कळला, तोही निघून गेल्यावर. बाकीचे अजून आत आहेत. शिवी ज्या फलंदाजाला दिली तो ती कधीच वाचणार नाही. वाचतो कोण? सांगलीच्या एखाद्या हॉस्टेलवर पांघरुणात फोन धरून बसलेला एकोणीस वर्षांचा मुलगा. तो मनात नोंद करत जातो. हे लिहिणारा आपल्या गल्लीतला. त्यावर हसणारा आपला मावसभाऊ. अंगठ्याचं इमोजी टाकणारे आपले क्लासचे सर. आपलं कळलं तर ही माणसं आपल्याला काय म्हणतील, याचं उत्तर त्याला प्रश्न विचारायच्या आधीच मिळालेलं असतं, आणि तेही ज्यांच्याबरोबर तो रोज रात्री मॅच बघतो त्यांच्याकडून.

अशी मुलं चिडून उठत नाहीत, हे मी वारंवार पाहिलं आहे. काही गप्प होतात. काही तीच शिवी सगळ्यांत मोठ्याने देऊ लागतात, म्हणजे आपल्याकडे कुणाची नजर जायला नको. त्यामुळे ‘आजवर कुणी तक्रार केली नाही’ याला पुरावा समजू नका. तक्रार करायची म्हणजे ‘मला लागलं’ असं चारशे जणांसमोर म्हणायचं, आणि पुढचा प्रश्न ठरलेला: तुलाच का लागलं रे?

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की बोलणाऱ्याच्या मनात काय होतं यावर निवाडा करत बसू नका. त्यात तुमचा निभाव लागणार नाही, कारण प्रत्येक जण ‘माझ्या मनात तसं काही नव्हतं’ असं म्हणेल, आणि बहुतेकांचं ते खरंही असेल. निवाडा करायचा तो वाचणाऱ्याच्या बाजूने.

फुटबॉलला हा धडा महागात पडला. प्रतिस्पर्धी गोलकीपर गोलकिक मारताना मेक्सिकोचे प्रेक्षक एका सुरात एक शब्द ओरडतात. स्पॅनिशमध्ये तो समलैंगिक पुरुषाला हिणवणारा शब्द आहे. 2014 च्या वर्ल्ड कपमध्ये फिफाने चौकशी केली आणि त्या विशिष्ट संदर्भात तो अपमानकारक ठरत नाही असा निर्णय दिला. चाहतेही तेच म्हणत होते: ही आमची गंमत, आमची परंपरा, कुणा गे माणसाला उद्देशून नाही. 2016 पासून फिफा दंड लावू लागली. दंडावर दंड झाले, 2021 मध्ये रिकाम्या स्टेडियममध्ये खेळण्याची शिक्षा झाली, तरी जून 2023 मध्ये लास वेगसला अमेरिकेविरुद्धची नेशन्स लीगची सेमीफायनल याच ओरडण्यामुळे रेफरीला वेळेआधी संपवावी लागली. एकदा ‘संदर्भ वेगळा आहे’ म्हणून मोकळीक दिली की ती परत घेणं किती जड जातं, ते यात दिसतं. आणि दंड भरत होतं तिथलं फुटबॉल फेडरेशन. ओरडणाऱ्याच्या खिशाला झळ नव्हती, शेजारी बसलेला त्याला काही बोलत नव्हता. तुमच्या ग्रुपमध्येही नियम पिन करून ठेवलात आणि शेजारचा माणूस गप्पच राहिला, तर तेच होईल.

शेजारच्याने बोलायचं म्हणजे काय बोलायचं? याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्या क्रिकेटमधलंच आहे. फेब्रुवारी 2019, सेंट लुसियामधलं ग्रोस आयलेट, वेस्ट इंडीज आणि इंग्लंडची तिसरी टेस्ट. वेस्ट इंडीजचा शॅनन गॅब्रिएल बॉलिंग टाकत होता, इंग्लंडचा जो रूट खेळत होता. गॅब्रिएल काहीतरी बोलला, ते प्रेक्षकांना ऐकू आलं नाही. स्टंप माइकवर आलं ते रूटचं उत्तर: ‘हे अपमान म्हणून वापरू नकोस. गे असण्यात काही चूक नाही.’ पुढे गॅब्रिएलनेच निवेदन काढून सांगितलं, की आपण रूटला ‘तुला मुलगे आवडतात का?’ असं विचारलं होतं. त्याने माफी मागितली. मॅच फीच्या 75 टक्के दंड आणि चार वनडेंची बंदी अशी त्याला शिक्षा झाली.

शिक्षेपेक्षा मला रूटचं वाक्य जास्त मोलाचं वाटतं. तो चिडला नाही, त्याने गॅब्रिएलला उलट शिवी दिली नाही. आणि मुख्य म्हणजे ‘मी तसा नाही’ असं म्हणाला नाही. तुमच्या ग्रुपमध्ये कुणी कुणाला गे म्हटलं की दोनच उत्तरं येतात ना? एक, ‘तू गे, तुझं खानदान गे.’ दुसरं, ‘छे, मी नाही तसला.’ ही दोन्ही उत्तरं देणारा त्या शब्दाला शिवी म्हणून मान्यता देतो, फक्त ती स्वतःवरून झटकतो. रूटने झटकलं नाही. तसं असण्यात कमीपणा नाही एवढंच त्याने सांगितलं आणि तो पुढचा बॉल खेळायला उभा राहिला. हॉस्टेलवरच्या त्या मुलाला हेच ऐकायचं असतं, आणि तेही आपल्या टीमच्या माणसाच्या तोंडून.

मी ॲडमिनना याचं मराठीतलं एक छोटं रूप पाठ करायला सांगते: ‘गे असणं ही शिवी नाही. कॅच सुटला त्यावर बोल.’ एवढंच. पहिल्या भागात बाजू स्पष्ट होते आणि दुसऱ्या भागात गाडी परत क्रिकेटवर येते. त्याखाली परिच्छेद लिहायचा नाही, लिंक टाकायची नाही. मॅच चालू असताना कुणी व्याख्यान वाचत नाही. उलट ज्याला टोकलं त्याला ऐटीत भांडायला जागा मिळते.

लगेच कुणीतरी म्हणेल, मग आम्ही रागही काढायचा नाही का? जरूर काढा. रागाशिवाय चाहता कसला? ‘हाताला लोणी लावून आलाय काय’, ‘अठराव्या ओव्हरला फुलटॉस टाकतात का’, ‘याला आता बाकावर बसवा’. सुटलेल्या कॅचसाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. कॅच सोडणाऱ्याच्या कॅचविषयी बोला, त्याच्यासाठी तिसऱ्याच माणसाला चिखलात ओढू नका, इतकंच मागणं आहे.

कारण ओढलं जातं ते नेहमी तिसऱ्यालाच. 24 ऑक्टोबर 2021 ला दुबईत पाकिस्तानकडून दहा विकेटनी हरलो तेव्हा मोहम्मद शमीचा धर्म काढला गेला. 4 सप्टेंबर 2022 ला, पुन्हा दुबईतच, अर्शदीप सिंगच्या हातून पाकिस्तानच्या आसिफ अलीचा कॅच सुटला आणि त्याला खलिस्तानी ठरवलं गेलं. राग एकाच जातीचा, मॅच हरल्याचा. पण तो बाहेर पडताना समाजात आधीपासून जी हेटाळणी तयार असते तीच उचलतो. खेळाडूचा धर्म, जात, प्रांत यातलं काही हाताशी नसेल, तर त्याच्या मर्दपणावर घसरणं सगळ्यांत सोपं. शमीच्या वेळी कर्णधार विराट कोहलीने पत्रकार परिषदेत स्पष्ट शब्दांत त्याची बाजू घेतली होती. ‘छक्का’ म्हटलं जातं तेव्हा बाजू घ्यायला कुणी पुढे येत नाही, कारण समोरचा खेळाडू गे नाही, मग बाजू कुणाची घ्यायची, असं वाटतं. बाजू वाचणाऱ्याची घ्यायची असते.

‘बांगड्या भरा’ हे तुम्ही यादीत शेवटी लिहिलंत, जणू ते सौम्य आहे. माझ्या मते मूळ तिथेच आहे. आपल्याकडे समलैंगिक पुरुषाची टिंगल होते ती बहुतेक वेळा त्याला बाईत जमा करून. रडला म्हणून बायल्या, कानात घातलं म्हणून बायल्या, मित्राच्या गळ्यात पडला म्हणून बायल्या. तृतीयपंथी माणसांना हिणवणारा शब्दही त्याच फटक्यात वापरला जातो, आणि त्या माणसांचं सबंध आयुष्य एका सुटलेल्या कॅचच्या पातळीवर येतं. बाई असणं कमीपणाचं मानलं नाही, तर यातल्या निम्म्या शिव्या जागच्या जागी मरतील.

आणि तुमचा ग्रुप मुंबई इंडियन्सचा आहे, म्हणून एक आठवण करून देते. 26 मार्च 2023 ला ब्रेबॉर्नवर विमेन्स प्रीमियर लीगची पहिली फायनल आपण जिंकलो, ती नॅट सिव्हर-ब्रंटच्या नाबाद 60 धावांवर. 2025 मध्ये पुन्हा जिंकलो, तेव्हा त्या मोसमात तिने 523 धावा काढल्या आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली. तिने 2022 मध्ये इंग्लंडची फास्ट बोलर कॅथरीन ब्रंट हिच्याशी लग्न केलं आणि दोघींनी आडनाव जोडून घेतलं. फायनल जिंकल्याच्या रात्री तुमच्या ग्रुपमधल्या कित्येकांनी तिचा फोटो स्टेटसला ठेवला असेल. म्हणजे ‘आपल्यात असं कुणी नाही’ हे तुमच्या टीमपुरतंसुद्धा खरं नाही. ‘बांगड्या भरा’ म्हणणाऱ्यांना हे मी सरळ सांगते, अभिमानाने सांगते. पुरुषांच्या क्रिकेटमध्ये मात्र अजून शांतता आहे. इंग्लंडचा विकेटकीपर स्टीव्हन डेव्हिस 2011 मध्ये उघडपणे बोलला. भारताच्या पुरुष संघातल्या कुणीही आजवर तसं जाहीर सांगितलेलं नाही. आपल्या कमेंट वाचल्यावर त्यांनी का सांगावं?

आता, चाहत्यांची भाषा बदलते का? बदलते, आणि फार लवकर बदलते. 2024 ची आयपीएल आठवा. रोहितच्या जागी हार्दिक पंड्या कर्णधार झाला आणि त्याला ‘छपरी’ म्हणायची लाट आली. गरीब वस्तीतल्या पोरांना हिणवणारा हा शब्द शिकल्यासवरलेल्यांनी बिनदिक्कत वापरला. 1 एप्रिलला वानखेडेवर टॉसच्या वेळी हुर्यो सुरू झाली, तेव्हा संजय मांजरेकरने माइकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगितलं. त्याच मॅचमध्ये बाउंड्रीजवळ उभ्या असलेल्या रोहितने हाताने ‘थांबा’ अशी खूण केली. पुढे 29 जूनला ब्रिजटाउनला शेवटची ओव्हर हार्दिकने टाकली, आपण वर्ल्ड कप जिंकलो, आणि 4 जुलैला त्याच वानखेडेवर ‘हार्दिक, हार्दिक’ असा घोष झाला.

यातून तुमच्या कामाचं काय? मांजरेकरचं सांगणं आणि रोहितची खूण यांत वजन कुणाचं जास्त, याचा विचार करा. भांडण रोहितच्या नावाने चाललं होतं, त्यामुळे ‘पुरे’ म्हणण्याचा सगळ्यांत मोठा अधिकार त्याचाच होता. तुमच्या ग्रुपमध्येही असा एखादा असेल: जुना, सगळे ज्याला दादा किंवा काका म्हणतात, ज्याच्या मेसेजवर कुणी वाकडं बोलत नाही. नियम जाहीर करण्याआधी त्याला फोन करा. मेसेज नको, फोनच. दहा मिनिटं बोला. तो तुमच्या बाजूने एक ओळ जरी लिहायला तयार झाला तरी निम्मं काम झालं.

पण हार्दिकच्या गोष्टीतला एक फरक विसरू नका. त्याने वर्ल्ड कप जिंकला आणि ती शिवी त्याच्यावरून धुतली गेली. हॉस्टेलवरच्या मुलाला असा कुठलाच कप जिंकायचा नाहीये. त्याच्यावरून ती काढायची तर ग्रुपनेच काढावी लागेल.

नियमाची भाषा. शब्दांची यादी करू नका. केलीत तर दुसऱ्या दिवशी ‘6क्का’ येईल, सप्तरंगी झेंड्याचं इमोजी येईल, ‘मिठाई’ येईल. शिवाय हिंदी कॉमेंट्री ऐकणारा माणूस सिक्सरला छक्काच म्हणतो, त्याला तुम्ही कुठल्या तोंडाने अडवणार? यादीचा आणखी एक तोटा फार कमी लोकांच्या लक्षात येतो: उद्या एखाद्याने ‘मी गे आहे आणि मला बुमराचं बॉलिंग आवडतं’ असं लिहिलं, तर यादी त्यालाच पकडते. तेव्हा नियम वापरावर ठेवा. मी असा लिहायला सांगते: ‘कुणाचं समलैंगिक, तृतीयपंथी किंवा बाई असणं, जात, धर्म हे इथे कुणालाही हिणवण्यासाठी वापरायचं नाही, विरोधी टीमलासुद्धा नाही.’ ‘विरोधी टीमलासुद्धा नाही’ हे शब्द गाळू नका, पळवाट तिथूनच निघते. दोन पुरुषांच्या मिठीचा फोटोही याच नियमात येतो. फोटो टाकायला हरकत नाही, त्याखाली खाकरायला आहे.

नियम जाहीर करायची वेळही बघा. हरल्याच्या रात्री कधीच नाही. जिंकल्यानंतरच्या सकाळी लोक ऐकतात. अंमलबजावणी साधी ठेवा: पहिल्यांदा ग्रुपवर ती एक ओळ, आणि मेसेज ‘डिलीट फॉर एव्हरीवन’. दुसऱ्यांदा खासगीत, नावाने, सभ्य भाषेत. तिसऱ्यांदा ग्रुपबाहेर, मोसम संपेपर्यंत. आणि हे तुमच्या जवळच्या मित्रापासून सुरू करा, कारण सगळे तेवढंच बघत असतात. एकट्याने करू नका. फायनल ओव्हरला दोनशे मेसेज येतात, तेव्हा दुसरा ॲडमिन जागा हवा.

‘तू वोक झालास’ असं म्हणतील. त्यावर वाद घालू नका. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की संमतीने असलेले समलैंगिक संबंध हा गुन्हा नाही. हे परदेशातून आलेलं फॅड नाही, आपल्याच देशाचा कायदा आहे, आणि मुंबईतून या माणसांसाठी ‘बॉम्बे दोस्त’ हे मासिक 1990 पासून निघत होतं, आयपीएलच्या कितीतरी आधी. हे एकदा सांगा आणि सोडून द्या. जे खरोखर विचारायला येतील त्यांच्याशी मात्र मनापासून बोला. येतात, माझा अनुभव आहे. रात्री उशिरा, खासगीत, ‘मॅडम, एक विचारू का’ असं म्हणत. तिथे घाई करू नका.

‘ॲडमिनवर केस होईल’ अशी भीती घालून लोकांना गप्प करू नका. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात सांगितलं आहे, की सभासदाने काय लिहिलं यासाठी ॲडमिनला केवळ ॲडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही, त्यात त्याचा हेतू सामील असल्याशिवाय. म्हणजे कायद्याने तुमची मान सहसा अडकत नाही. तुम्ही हे करताय ते त्या मुलासाठी, आणि तसंच सांगा.

आता जो गेला त्याच्याविषयी. त्याला लगेच ‘परत ये’ म्हणू नका. आधी काहीतरी बदललेलं त्याला दिसायला हवं. आज एवढंच लिहा: ‘तू सांगितलंस ते माझ्यापाशीच राहील. चूक तुझी नव्हती. मी नियम बदलतोय, तुला यावंसं वाटलं तर ये, नाही वाटलं तर आपण दोघं मॅच बघू.’ त्याने उत्तर दिलं नाही तरी पुन्हा पुन्हा विचारू नका.

आणि ग्रुपवर ‘आपल्यातला एक मित्र यामुळे दुखावला जाऊन निघून गेला’ असं भावनेच्या भरात चुकूनही लिहू नका, नाव न घेतासुद्धा. व्हॉट्सॲपवर गेल्या 60 दिवसांत ग्रुप सोडून गेलेल्यांची यादी आतल्या कुणालाही उघडून पाहता येते. तुम्ही मेसेज टाकाल आणि दोन मिनिटांत चारशे जणांना कळेल तो कोण होता. कुणी कारण विचारलं तर नियम तुम्हाला हवा होता म्हणून केलात, असं म्हणा. त्याने कुणाला, कधी आणि काय सांगायचं, ते त्याचं तो ठरवेल.